चार महिन्यांची बेगमी

वाचकाचं पत्र, थोडक्यात : मूळचे खानापूर तालुक्यातले, आता बेळगावात भाड्याने राहणारे ३८ वर्षांचे एक ठेकेदार लिहितात. घरबांधणीची कामं ते मजुरी दराने घेतात, चौरस फुटाला ३०० रुपये. वर्षाला चार घरं, म्हणजे साधारण ६,००० फूट काम होतं. हाताखाली नऊ माणसं, सरासरी रोज ७०० रुपये. ऑक्टोबर ते मे सगळी मजुरी भागवून महिन्याला ६० हजार हातात राहतात. जूनला पाऊस धरला की काम बसतं आणि आतली किरकोळ कामं करून १५ हजार सुटले तरी खूप. घरखर्च २४ हजार. मिक्सरचा हप्ता, सामानाच्या जागेचं भाडं, पेट्रोल मिळून १२ हजार. पावसाळ्यात माणसांना उचल द्यावी लागते, ती महिन्याला १० हजार. यंदा जुलैत त्यांनी एका खासगी सावकाराकडून १ लाख रुपये महिना तीन टक्क्यांनी घेतले, ते अजून तसेच आहेत. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतला एक कारखानदार २२ हजारांवर देखरेखीची नोकरी देतो आहे, त्याला दिवाळीपर्यंत उत्तर हवं आहे. भाऊ म्हणतो, हप्त्याने प्लॉट घे, म्हणजे पैसा उडणार नाही. बायको म्हणते, माझं सोनं बँकेत ठेवा आणि सावकार मिटवा. ते विचारतात, "ताई, आठ महिने मी राजा असतो आणि चार महिने लोकांची दारं धरतो. माझ्याच हातात पैसा का टिकत नाही?"

भाऊ,

तुमच्या पत्रातला एक आकडा मला आधी दुरुस्त करायचा आहे. महिन्याला ६० हजार राहतात असं तुम्ही लिहिलंय. आठ महिन्यांचे ते ४ लाख ८० हजार झाले. पावसाळ्यातले चार महिने १५ हजारांनी ६० हजार. एकूण ५ लाख ४० हजार. मिक्सरचा हप्ता आणि जागेचं भाडं पाऊस बघून थांबत नाही, ते बारा महिने १२ हजार जातात, म्हणजे १ लाख ४४ हजार. उरले ३ लाख ९६ हजार. आता बाराने भागा. ३३ हजार.

तुमचा पगार एवढा आहे. तुम्ही आठ महिने ६० हजारवाला माणूस म्हणून जगता, आणि ज्या चार महिन्यांचे पैसे त्यातच आलेले असतात ते महिने आले की हात रिकामा दिसतो. तुम्ही उधळे आहात असं मला पत्रातून कुठेच वाटलं नाही. तुम्ही फक्त ऑक्टोबरचा पैसा ऑक्टोबरचा समजता, आणि त्यातला मोठा हिस्सा पुढच्या जुलैचा असतो.

माझे वडील मेस्त्री होते, त्यामुळे हे घर मी आतून बघितलंय. शनिवारी संध्याकाळी बटवडा करून ते आले की आई दारातच उभी असायची. पैसे हातात पडले की ती आधी दोन नोटा बाजूला काढून मिठाच्या बरणीमागे सरकवायची, मग बाजाराची पिशवी उचलायची. त्या नोटांची मे महिन्यात बेगमी व्हायची. लाकूडफाटा, शेण्या, तांदूळ, तिखट, तेलाचा डबा, गूळ. माळा भरला की ती खाली उतरून हात झटकायची आणि म्हणायची, आता पडू दे किती पडायचा तो. पुढचे चार महिने घरात पैसा जवळजवळ लागायचाच नाही, कारण सगळं माळ्यावर होतं.

तुमच्या घरात आज काय माळ्यावर ठेवता येईल? घरभाडं ठेवता येत नाही. मिक्सरचा हप्ता ठेवता येत नाही. शाळा आपल्याकडे मेच्या अखेरीस, जूनच्या सुरुवातीला उघडतात, म्हणजे फी, वह्या, गणवेश नेमके काम बसताना अंगावर येतात. आपल्या लोकांना पावसाळ्याची तयारी शिकवायला नको, पिढ्यान्‌पिढ्या ती करत आलोय. खर्च मात्र माळ्यावर मावणारे राहिले नाहीत, म्हणून आता बेगमी रोख पैशांची करावी लागते, आणि ती मेमध्ये एकदम होत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या बिलापासून करावी लागते.

किती, ते तुमच्याच आकड्यांवरून काढू. पावसाळ्यात महिन्याला घर २४, धंदा १२, उचल १०, मिळून ४६ हजार. त्यातून येणारे १५ वजा केले की तूट ३१ हजार. चार महिन्यांचे १ लाख २४ हजार. कामाच्या आठ महिन्यांवर वाटले तर महिन्याला साडेपंधरा हजार. ६,००० फुटांवर वाटले तर फुटामागे २१ रुपये.

हा फुटाचा हिशेब मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दर सांगताना तुम्ही माणसांचा रोज धरता, सेंट्रिंगचं भाडं धरता. पावसाळा धरता का? तो दरवर्षी येतो, तारीख साधारण ठरलेली असते, कणकुंबी-जांबोटीकडून आलेल्या माणसाला तो सांगायला नको. जे दरवर्षी नक्की येतं तो धंद्याचा खर्च असतो, सेंट्रिंगच्या भाड्यासारखाच. पुढच्या घराचा दर सांगताना ३१५ सांगून बघा, उरलेले सहा रुपये तुमच्या हातातून काढा. सगळेच मालक हो म्हणणार नाहीत, पण तुमचं काम बघून आलेला माणूस पंधरा रुपयांसाठी सहसा परत जात नाही. एक लक्षात ठेवा, तुमची उलाढाल आत्ताच वर्षाला १८ लाख आहे आणि सेवेसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख. दर वाढवला, वर पावसाळ्यातली कामंही वाढली, तर ती ओलांडली जाईल. त्याआधी एकदा कर सल्लागाराकडे बसून या.

आता एक प्रश्न, जो तुम्ही पत्रात विचारलेला नाही. आठ महिने ६० हजार येतात, घर आणि धंदा मिळून ३६ जातात. उरलेले २४ हजार महिन्याला कुठे जातात? जत्रा, लग्नातले आहेर, दवाखाना हे आलंच. पण मला शंका वेगळीच आहे. एका घराचं शेवटचं बिल अडलं की त्या घराच्या माणसांचा शनिवारचा बटवडा तुम्ही दुसऱ्या घराच्या बयाण्यातून करता ना? बहुतेक ठेकेदार करतात. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. नवी कामं येत राहतात तोवर हे चालतं, आणि आपल्याकडे पैसा खेळतोय असंही वाटतं. मेमध्ये नवा बयाणा यायचा थांबतो आणि सगळं भोक एकदम दिसतं. जुलैतलं तुमचं लाखाचं कर्ज जुलैत तयार झालेलं नसावं असं मला वाटतं. ते बहुधा फेब्रुवारी-मार्चपासून साठत आलं असेल.

म्हणून पहिलं काम, बयाण्याचा पैसा आपला म्हणायचा नाही. तो त्या घराच्या पायातला पैसा आहे, काम होईल तसा तो तुमचा होतो. एक वेगळं खातं उघडा. मालकांकडून येणारं सगळं त्यात. त्यातूनच बटवडा, त्यातूनच धंद्याचे १२ हजार, आणि महिन्याच्या एक तारखेला घरच्या खात्यात २४ हजार, तुमचा पगार म्हणून. जानेवारीतही २४ आणि ऑगस्टमध्येही २४. दोन महिने त्रास होईल, कारण खात्यात लाखभर दिसत असताना घरी थोडकेच आणायचे हे मनाला पटत नाही. बायकोला सोबत घेऊन हे ठरवा. ठरलेला आकडा दोघांना माहीत असेल तर एकाचं मन ढळलं तरी दुसरं सांभाळतं.

दुसरं काम हप्त्यांचं. पाया, जोता, लिंटल, स्लॅब, गिलावा, फरशी असे टप्पे आणि प्रत्येक टप्प्याची रक्कम कागदावर लिहून, दोघांच्या सह्या घेऊन मगच कुदळ मारा. मालक आणि तुम्ही दोघेही वाचू शकता त्या भाषेत लिहा, मराठीत चालेल, कन्नडमध्ये चालेल. शेवटचा टप्पा छोटा ठेवा. वास्तुशांत झाली की मालकाची घाई संपते, आणि तुमचे अडकलेले पैसे बहुतेक याच टप्प्यातले असतात. मालकाने गृहकर्ज काढलं असेल तर बँकही त्याला काम बघून टप्प्याटप्प्यानेच पैसे देते. तुमचे टप्पे बँकेच्या टप्प्यांशी जुळवून घेतले की "बँकेतून आले नाहीत अजून" हे ऐकायची वेळ कमी येते.

सावकाराचं बोलू. लाखाला महिना तीन टक्के म्हणजे महिन्याला ३ हजार, वर्षाला ३६ हजार. तुमच्या नऊ माणसांचा जवळजवळ एक आठवड्याचा बटवडा, मुद्दल जागचं न हलता. बँकेच्या सोनेतारण कर्जाचं व्याज साधारण याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असतं. वहिनींचं म्हणणं मला पूर्ण पटतं. तुम्हाला त्यात कमीपणा वाटतो हे तुमच्या ओळींतून कळतं, पण त्यांनी आपणहून हात पुढे केलाय, तर तो घ्या. फक्त सोनं त्यांचं आहे हे विसरू नका. कोणत्या महिन्यापर्यंत सोडवणार ते त्यांच्यासमोर वहीत लिहा. बेगमीचे साडेपंधरा हजार काढल्यावर ऑक्टोबर ते मे महिन्याला साडेआठ हजार उरायला हवेत, म्हणजे ६८ हजार. पहिल्या हंगामात ते सगळे सोन्याकडे. उरलेलं पुढच्या हंगामात. ते फिटलं की तुमचा पगार २८ हजार करा, आधी नको.

उचलीबद्दल तुम्ही लिहिलंय ते वाचून बरं वाटलं. पावसाळ्यात सांभाळलं नाही तर माणसं दिवाळीनंतर दुसऱ्याकडे जातात हे खरं आहेच, पण तुम्हाला त्यांची काळजीही आहे. इथे एक बघा. तुमची बरीच माणसं खानापूरकडची असतील तर जुलैत ती रोप लावणीला गावी जातात. त्यांना दर महिन्याला सारखी उचल लागत नाही. शाळा सुरू होताना लागते आणि गणपतीच्या आधी लागते. त्या दोन वेळी द्या, आणि प्रत्येकाच्या नावाने वहीत लिहा. ऑक्टोबरपासून आठवड्याला थोडे थोडे वळते करा, एकदम कापलेत तर माणूस दुखावतो. पहिल्या वर्षी हे ४० हजार तुमच्या खिशातून जातील, नंतर तेच फिरत राहतील.

आणि त्यांची कामगार म्हणून नोंदणी करून द्या. बांधकाम कामगारांसाठी कायदा आहे, राज्याचं कल्याण मंडळ आहे. १८ ते ६० वयाच्या आणि आधीच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या माणसाला नोंदणी करता येते. मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला, बाळंतपणाला मंडळाकडून मदत मिळते. ९० दिवसांच्या कामाचा दाखला तुम्ही देऊ शकता. फॉर्म कन्नडमध्ये असेल म्हणून बरेच जण राहून जातात. तुमच्या माणसांपैकी कुणाची तरी मुलगी कन्नड शाळेत असेल, तिला घेऊन बसा, एका रविवारी नऊ फॉर्म होतील. त्यांना मंडळाकडून मिळालेला प्रत्येक रुपया तुमच्याकडे मागितल्या जाणाऱ्या उचलीतून कमी होतो. स्वतःसाठी आणि त्यांच्यासाठी २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमाही घ्या. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख मिळतात. तो १ जून ते ३१ मे चालतो, त्यामुळे मेच्या अखेरीस प्रत्येकाच्या खात्यात वीस रुपये आहेत ना, एवढं बघायचं. परांचीवर चढणाऱ्या माणसाला याहून स्वस्त काही मिळत नाही.

पैसे ठेवायचे कुठे? आपल्या भागात पहिलं नाव पिग्मीचं येतं. १९२८ मध्ये उडुपीत, पुढे सिंडिकेट बँक झालेल्या बँकेने, दिवसाला दोन आणे गोळा करत ही योजना सुरू केली, ती हातावर पोट असणाऱ्यांसाठीच. रोज संध्याकाळी माणूस दारात येतो म्हणून पैसे निघतात, हा तिचा गुण आजही खरा आहे. साडेपंधरा हजार म्हणजे महिन्याचे तीस दिवस धरून रोजचे पाचशेच्या थोडे वर. एकदम काढणं जमत नसेल तर पिग्मी लावा. मुदतीआधी काढले तर काय कापतात ते आधी विचारा, आणि मुदत मेमध्ये संपेल अशी घ्या.

मात्र पिग्मी कुणाची, ते नीट बघा. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, माणशी ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेला, कर्नाटकातल्या सौहार्द सहकारी सोसायटीला तो नसतो. ओळखीचे लोक आहेत, व्याज टक्काभर जास्त आहे, कारभार मराठीत आहे, म्हणून आपण तिथे जातो, आणि कित्येक संस्था उत्तम चालतातही. आमच्या घराचे मात्र एका पतसंस्थेत अडकलेले पैसे वडिलांना शेवटपर्यंत पूर्ण मिळाले नाहीत. जुलैचा किराणा ज्यावर अवलंबून आहे तो पैसा विमा असलेल्या ठिकाणीच असू द्या. भिशीबद्दलही तेच सांगेन. भिशी जरूर लावा, पण तिला बेगमीत धरू नका, नंबर कधी लागेल ते तुमच्या हातात नसतं.

भावाच्या प्लॉटचं उत्तर यातच आलं. त्यांची काळजी खरी आहे, हातात राहिलेला पैसा खर्च होतो हे त्यांनी बघितलंय. पण हप्त्याचा प्लॉट म्हणजे पावसाळ्यातला आणखी एक हप्ता. आणि अडचणीच्या वेळी पाव गुंठा विकून शाळेची फी भरता येत नाही. दोन पावसाळे कुणाकडे हात न पसरता निघाले की मग प्लॉटचं बोला, तेही जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, आहे का ते तपासून.

अजून एक गोष्ट तुम्हाला आत्ता जड वाटेल. पावसाळ्याची बेगमी झाली म्हणजे गंगाजळी झाली असं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या जिल्ह्यात महापूर आला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली ती थेट एप्रिल-मे खाऊन गेली, तुमच्या कामाचे सगळ्यात चांगले महिने. तेव्हा ज्यांनी पावसाळ्यासाठी साठवलं होतं त्यांचं पाऊस पडायच्या आधीच संपलं. सोनं सुटल्यावर जे उरेल ते वेगळं साठवा, घर आणि धंद्याच्या तीन महिन्यांच्या खर्चाइतकं, म्हणजे १ लाख ८ हजार. त्याला दोन-तीन वर्षं लागतील, लागू द्या.

तूट कमी करायचीही वाट आहे. आपला जिल्हा एक असला तरी पाऊस एक नाही. खानापुरात छत्रीसुद्धा उलटते तेव्हा अथणी, रायबागकडे बांधकामं बऱ्यापैकी चालू असतात. तिकडच्या एखाद्या ठेकेदाराशी ओळख ठेवली तर दोन माणसं घेऊन सहा आठवडे काम मिळू शकतं. मेमध्ये गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची कामं आधीच बोलून ठेवता येतात. आतला गिलावा, फरशी, बाथरूम मुद्दाम पावसाळ्यावर ढकलता येतं, मालकाला तारीख आधी सांगितली तर.

राहिली नोकरी. २२ हजार आणि ३३ हजार हे समोरासमोर ठेवले की ठेकेदारी पुढे दिसते, पण तुमच्या झोपेची किंमत त्यात धरलेली नाही, ती तुम्हीच धरायची. नोकरी घेतली तर त्यात हार कसली, महिन्याच्या महिन्याला पगार येणं ही मोठी गोष्ट आहे. मात्र २२ हजारांत तुमचा २४ हजारांचा घरखर्च बसत नाही, आणि मिक्सरचा हप्ता तसाच राहतो. मी तुमच्या जागी असते तर आणखी एक हंगाम मागितला असता. जानेवारीअखेर त्या वेगळ्या खात्यात बेगमीचे निदान ५० हजार दिसले नाहीत, तर वाट बदलायचा विचार तेव्हा गंभीरपणे करावा.

त्या कारखानदाराला नुसतं हो किंवा नाही सांगू नका. उद्यमबागेत मशीनचे फाउंडेशन, शेडमधली फरशी, गळकी पन्हाळी, तुंबलेली गटारं, ही कामं बारा महिने निघतात आणि त्यातली बरीचशी छपराखालची असतात. त्याला तुमच्यावर भरवसा आहे म्हणूनच तो नोकरी देतोय. दिवाळीच्या आधी जाऊन त्याला विचारा, जून ते सप्टेंबर तुमच्या शेडची सगळी डागडुजी माझ्याकडे देता का, महिन्याची ठरलेली रक्कम देऊन? शेजारच्या दोन कारखान्यांचीही चौकशी त्याच्याकडेच करा. जाताना एका कागदावर कामांची यादी आणि दर लिहून न्या.